लॅपटॉपमधलं दुसरं बिऱ्हाड

२ फेब्रुवारी, सोमवार

माझ्या लॅपटॉपमध्ये आजपासून दुसरं बिऱ्हाड राहायला आलं आहे. मला विचारलं नाही असं म्हणता येणार नाही. भाऊजींनी विचारलं, पण पेन ड्राइव्ह आत खोचून, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी पळायला लागल्यावर. "वहिनी, चालेल ना?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "तिला काय विचारतोस, चालेल तिला."

जिन्यात पडल्या आणि खुब्याचा सांधा बदलला तेव्हापासून सासूबाई घराबाहेर पडलेल्या नाहीत. डॉक्टर सांगतात चाला. त्या बाथरूमपर्यंत जाऊन येतात आणि त्यालाच चालणं म्हणतात. भाऊजींच्या डोक्यात आलं की आईला फुटबॉलचा गेम द्यावा, कारण आई शाळेत खेळाच्या बाई होत्या. कल्पना वाईट नाही, पण ती त्यांनी स्वतःच्या लॅपटॉपवर राबवायला हवी होती. त्यांचा म्हणे ऑफिसच्या कामाचा आहे. माझ्या लॅपटॉपवर मी दिवसभर एक्स-रे सेंटरचे रिपोर्ट टाईप करते, ते बहुतेक भरतकाम असावं.

लॅपटॉप जुना, आणि त्याची नेहमीची सिस्टीम इतकी जड की तिच्यात गेम धापा टाकतो. म्हणून भाऊजींनी डिस्कचे दोन भाग केले. एकात माझी सिस्टीम ठेवली, दुसऱ्यात गेमसाठी एक हलकी, फुकट मिळणारी सिस्टीम बसवली. दोन्ही एका वेळी चालत नाहीत. चालू करताना लॅपटॉप विचारतो, कुणाकडे जायचं. हे गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच आहोत, घर माझ्या टायपिंगवर चालतं आणि लॅपटॉप मी माझ्या कमाईतून घेतलेला आहे. इथे लिहून ठेवते, कारण घरात ते कुणाला आठवत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी लॅपटॉप चालू केला, भाजी परतायला गेले, येऊन बघते तो सासूबाईंची बाजू उघडलेली. भाऊजींनी यादीत पहिला नंबर गेमला दिला आहे. वेळेत बाण दाबून खाली आलं नाही तर लॅपटॉप आपला खेळायला जातो. म्हणजे माझ्याच घरात मी खालच्या ओळीत.

शिवाय माझ्या बाजूचं घड्याळ कित्येक तास मागे पडलं होतं. ते नीट केलं. जुन्या यंत्राला एवढी चिरफाड सोसत नाही, हे भाऊजींना कोण सांगणार.

७ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी काम संपलं की लॅपटॉप बाहेरच्या खोलीत जातो आणि टीव्हीला जोडला जातो. मग सासूबाई हातात कंट्रोलर घेऊन, पाठीला दोन उशा लावून, निळ्या कपड्यातल्या अकरा बाप्यांना पळवतात. त्यांना नावंही ठेवली आहेत. एक लंबू, एक बोकड आणि एक कारकून. कारकून का, तर चेंडू मिळाला की तो विचार करत बसतो.

ज्या बाईंनी मला आजवर आवाज चढवून एक शब्द सुनावला नाही, फक्त शांतपणे सुनावला, त्या "दे ना पास, मेल्या" असं ओरडतात. शेजारच्या काकू विचारायला आल्या, घरात काही झालं का. मी सांगितलं, फुटबॉल झाला.

११ फेब्रुवारी, बुधवार

घड्याळ पुन्हा मागे. तीनदा नीट केलं, दर सकाळी ते पुन्हा तिथेच. आता मी तो नाद सोडला. स्वयंपाकघरात भिंतीवर घड्याळ आहे, मनगटावर आहे, फोनमध्ये आहे. लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवाचून माझं काही अडत नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काल सासूबाई उपांत्य फेरीत हरल्या आणि जेवल्या नाहीत. मी म्हटलं, आई, तो खेळ आहे. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या माहेराला काही बोलले. "खेळ आहे म्हणूनच," म्हणाल्या.

मी काही बघत बसत नाही. बटाटे सोलायला बाहेरच्या खोलीत उजेड बरा असतो, म्हणून बसते. पण दोन गोलांची आघाडी असताना बोकडाला मागे खेचून बचावाला लावणं ही सरळसरळ चूक होती आणि ती मी बोलून दाखवली. त्याचा त्यांना राग आला. आज सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं की मग मी असते तर काय केलं असतं. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणजे अगदी शेवटपर्यंत.

१९ फेब्रुवारी, गुरुवार



सेंटरमधून फोन आला. तिथे नवीन तपासनीस आले आहेत, सगळे त्यांना फुटपट्टी म्हणतात, कारण ते कागदावरच्या प्रत्येक ओळीखाली पट्टीने रेघ मारतात. फुटपट्टी थंडपणे म्हणाले की माझ्या काही रिपोर्टांबद्दल शंका आहे, उद्या या. मी विचारलं, कसली शंका. ते म्हणाले, रिपोर्ट डॉक्टरांनी सांगायच्या आधीच टाईप झालेले दिसतात.

आधीच. मला आधी अर्थच लागला नाही. आमचं काम असं असतं: डॉक्टर एक्स-रे बघून जे दिसतं ते बोलून रेकॉर्ड करतात, ते रेकॉर्डिंग मला येतं, मी ऐकून टाईप करते, पाठवते. रेकॉर्डिंग सकाळी येतं. माझ्या फाइलींवर पहाटेची वेळ आहे म्हणे. डॉक्टरांनी तोंड धुवायच्या आधी मी त्यांचे रिपोर्ट लिहून मोकळी.

मी म्हटलं, "म्हणजे मी काय भविष्य सांगते?"

ते म्हणाले, "नाही. जुने रिपोर्ट चिकटवता, अशी शंका आहे."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

जाऊन आले. तळपायाची आग मस्तकात गेली आहे ती अजून उतरलेली नाही.

लांबट खोली, खिडकी बंद, टेबलावर माझ्या रिपोर्टांची चळत. प्रत्येकावरच्या वेळेखाली रेघ. फुटपट्टींचं म्हणणं थोडक्यात असं की बहुतेक छातीचे एक्स-रे ठीकच असतात, तेव्हा मी आदल्या कुणाचा तरी ठीक असलेला रिपोर्ट नाव बदलून तयार ठेवते, आणि रेकॉर्डिंग आलं की न ऐकता पाठवते. एखाद्याच्या फुप्फुसावर डाग असेल तर तो माझ्यामुळे कुणाला कळणारच नाही. हे ते बोलत होते आणि मी ऐकत होते. एखाद्या शब्दाची खात्री नसेल तर रेकॉर्डिंग पाच-पाचदा मागे नेऊन ऐकणारी मी.

मी म्हटलं, रिपोर्ट आणि रेकॉर्डिंग जुळवून बघा, एक अक्षर वेगळं निघालं तर मी स्वतः जाते. ते म्हणाले, बघितले तेवढे जुळतात, पण वेळेचा खुलासा होत नाही तोवर काम थांबवावं लागेल. सोमवारपर्यंत खुलासा आणा, नाहीतर सेंटरला दुसरी सोय बघावी लागेल.

ज्यांचे रिपोर्ट मी लिहिते ते डॉक्टर बाहेर भेटले. ते रेकॉर्डिंगमध्ये अखंड खोकतात. त्यांचा खोकला वगळून त्यामागचा शब्द ओळखणं हे जमणारी या गावात मी एकटी आहे. मी त्यांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. ते म्हणाले, "बाई, मशीनवर जे दिसतंय त्याला मी काय करणार." आणि खोकले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

काम नाही. सगळी कपाटं आवरली. कुणी विचारलं की सेंटरचं काम का सुटलं, तर काय सांगायचं? खोटे रिपोर्ट लिहायची म्हणून? दुसऱ्या सेंटरला तोंड कसं दाखवायचं, आणि घर कशावर चालवायचं?

सासूबाईंना काही सांगितलेलं नाही. पण संध्याकाळी त्यांनी टीव्ही लावला नाही. मी विचारलं, आज मॅच नाही का. म्हणाल्या, तुझा चेहरा बघून कारकूनसुद्धा पळणार नाही. मग सांगितलं सगळं. त्यांनी एकच विचारलं, की मी तसं केलं नाही ना. मी इतकी चिडले की उठून आत गेले. विचारवलं तरी कसं त्यांना?

२२ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी आईला भेटायला आले. सासूबाईंनी त्यांना माझी हकीकत सांगितली आणि ते डोकं खाजवायला लागले. ते डोकं खाजवतात तेव्हा काहीतरी मोडलेलं असतं.

म्हणाले, "वहिनी, तुमच्या बाजूचं घड्याळ मागे पडतं का हो?"

मग कळलं ते असं. लॅपटॉपच्या पोटात एक घड्याळ असतं. माझी सिस्टीम धरून चालते की त्यात इथली वेळ आहे. सासूबाईंची सिस्टीम त्यात साऱ्या जगासाठी ठरलेली एक वेळ ठेवते आणि तिच्यावरून इथली वेळ काढते. संध्याकाळी ती आपल्या पद्धतीने घड्याळ लावते, सकाळी माझी तेच घड्याळ आपल्या पद्धतीने वाचते आणि कित्येक तास मागे जाते. एका फडताळात दोघींनी आपापल्या मनाने डबे लावावेत तसं. सकाळी मी टाईप केलेल्या रिपोर्टवर म्हणून पहाटेची वेळ. भाऊजींना हे ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. नीट करायला एक ओळ टाईप करावी लागते. म्हणाले, राहून गेलं, लॅपटॉपवरचं घड्याळ कोण बघतं.

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर मलाच पुढे वाचवणार नाही.

पण खरी अडचण त्यापुढे आहे. सेंटरचा नियम असा की ज्या मशीनवर पेशंटचे रिपोर्ट लिहायचे त्यावर दुसरी सिस्टीम नको, दुसऱ्या कुणाचा हातही नको. मी तशी सही दिलेली आहे. म्हणजे खरा खुलासा दिला तरी काम जाऊ शकतं. भाऊजी म्हणाले, सोपं आहे, दुसरी सिस्टीम आत्ता पुसतो, तुम्ही सांगा की आतला घड्याळाचा सेल संपला होता. कुणाला कळणार नाही.

क्षणभर मला ते पटलं. खोटं का लिहू. दोन दिवस खरेपणासाठी भांडत होते, आणि एक सेल समोर आला तर हात पुढे गेला.

सासूबाई म्हणाल्या, "चेंडूला हात लागला तर पंचाने बघितलं नसलं तरी आपण सांगायचं. मी पोरांना हेच शिकवलं. तू घड्याळाला हात लावायचा नाहीस आणि हिने सेलबिल म्हणायचं नाही. उद्या मी येते."

"कुठे?" भाऊजी म्हणाले.

"तिच्या सेंटरला. खेळते मी, ती नाही."

२३ फेब्रुवारी, सोमवार

दोन जिने. लिफ्ट नाही. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, लॅपटॉप धर, तो पडला तर पुराव्याचं काय. प्रत्येक पायरीवर थांबत, कठड्याला धरून, स्वतःशी काहीतरी पुटपुटत त्या उतरल्या. पडल्यापासून पहिल्यांदा रस्त्यावर आल्या. फाटकाशी उभं राहून इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाल्या, रंग फार घाण दिलाय भिंतीला. रिक्षात बसेपर्यंत माझा जीव टांगणीला.

फुटपट्टींच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून सासूबाईंनी आपली बाजू उघडली, बंद केली, मग माझी बाजू उघडली. कोपऱ्यात घड्याळ कित्येक तास मागे. फुटपट्टींनी मनगटावर बघितलं, भिंतीवर बघितलं, परत पडद्यावर बघितलं. पुन्हा करून दाखवा म्हणाले. सासूबाईंनी पुन्हा केलं. वर्गात ढ मुलाला दाखवतात तसं, सावकाश.

फुटपट्टी म्हणाले, शंका मिटली. बस. दोन शब्द. माझी चूक झाली, गैरसमज झाला, यातलं काही नाही. वर म्हणाले, पण नियम मोडला आहे. मी म्हटलं, लॅपटॉप माझा, वीज माझी, खुर्ची माझी, आणि नियम तेवढा तुमचा? ते म्हणाले, सही तुमची आहे. बुधवारपर्यंत त्यावर एकच सिस्टीम राहिली पाहिजे, आणि तसं लिहून द्या, मग पुढचं बघू. आणि तुम्ही लिहून दिलेलं खरं आहे हे आम्ही कसं धरायचं, हाही प्रश्न आहे.

तेव्हा सासूबाई बोलल्या. "साहेब, ही माझी सून. हिने मला आजवर एकही खोटं सांगितलेलं नाही. मला बरं वाटावं म्हणूनसुद्धा नाही."

रिक्षात मी विचारलं, हे कौतुक होतं की तक्रार. त्या म्हणाल्या, बाहेर बघ, किती दिवसांनी आले मी या रस्त्याला.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

भाऊजींना फोन केला की गेमची बाजू पुसायची आहे. म्हणाले, शनिवारी येतो, तोवर हात लावू नका. बुधवारची मुदत आणि साहेब शनिवारी येणार. राहून जायला यांचं काय जातं. मी सासूबाईंना म्हटलं, आई, पुसावं लागेल. त्या म्हणाल्या, पूस, कामापुढे काय. आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. कंट्रोलर आधीच डब्यात घालून, वर रबर लावून ठेवला होता.

मला इतका संताप आला, कुणाचा ते कळेना, की मी भाऊजींचा तो इथेच राहिलेला पेन ड्राइव्ह लावून स्वतःच बसले. पडद्यावर डिस्कचे दोन भाग दिसत होते. नावं नाहीत, नुसते आकडे. एक मोठा, एक लहान. साधा विचार केला: माझ्या बाजूला इतक्या वर्षांचं काम आहे, तिकडे एक खेळ. मोठा भाग माझा असणार. लहान निवडला, पूस म्हटलं. खात्री आहे का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं आहे.

लहान भाग माझा होता. गेमला म्हणे ढीगभर जागा लागते. भाऊजींनी लॅपटॉपच्या मोठ्या खोल्या सासूबाईंना दिल्या होत्या आणि मला मोरीएवढी जागा ठेवली होती. रिपोर्ट रोजच्या रोज सेंटरला जातात, त्यामुळे ते गेले नाहीत. पण मी जमवलेले शॉर्टकट गेले. डॉक्टरांचे नेहमीचे शब्द दोन अक्षरांत उमटावेत म्हणून बसवलेले. तेवढ्यासाठी मी रडले. सासूबाईंनी भिंतीकडचं तोंड इकडे केलं.

भाऊजी फोनवर म्हणाले, वहिनी, एकदा विचारायचं तरी, तो आकडा मी सांगितला असता. मी फोन ठेवून दिला. मी वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या छातीचे रिपोर्ट लिहिते, चुकीचं बटण दाबणाऱ्यातली नाही. आजच कसं दाबलं गेलं ते मला खरंच सांगता येत नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी फुटपट्टींना फोनवरून मेसेज पाठवला. "माझ्या लॅपटॉपवर आता एकच सिस्टीम आहे. ती तुमच्या कामाची नाही. रिपोर्टसाठी मशीन सेंटरने द्यावं, ते मी कुणाला हात लावू देणार नाही. माझ्या लॅपटॉपवर काय ठेवायचं ते माझ्या घरात ठरेल." पाठवला आणि मग पुन्हा पुन्हा वाचला. ते सहज म्हणू शकतात, या आता. दिवसभर उत्तर नाही.

सासूबाई दुपारी जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन आल्या. मला सांगितलं नाही, मागे उभं राहू दिलं नाही. परत पडल्या असत्या म्हणजे? काही बोलायची सोय नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

फोन आला. मशीन तयार आहे, सोमवारी घेऊन जा. माफी नाहीच.

एवढं सोपं कसं झालं ते डॉक्टरांकडून कळलं. माझ्या जागी ज्यांना बसवलं होतं त्यांनी खोकला गाळताना एक 'नाही'ही गाळला, आणि डाग नसलेल्या माणसाच्या रिपोर्टात डाग लिहिला गेला. डॉक्टरांनी सही करताना पकडला आणि वर जाऊन भांडले. मला म्हणाले, बाई, लवकर या. मी म्हटलं, मशीनवर दिसतंय ते बघा आणि मला सांगा. ते खोकले. माझा राग गेलेला नाही, पण रात्री झोप लागेल असं वाटतं.

काम सोमवारी. संध्याकाळी करायला काही नाही, घरात एकच चालता लॅपटॉप आणि त्यात फक्त फुटबॉल. सासूबाई म्हणाल्या, बस. भाऊजींनी दुसरा कंट्रोलर कधी आणून ठेवला होता कुणास ठाऊक. मी लाल संघ घेतला. चेंडू डावीकडे न्यायचा तर माझा माणूस उजवीकडे पळायचा. लंबूने गोल केला, बोकडाने केले, कारकूनानेसुद्धा केला. सूनबाई म्हणून सूट नाही, नवशिकी म्हणून सूट नाही. एक गोल तर चक्क ऑफसाइड होता. मी तसं म्हटलं तर म्हणाल्या, शाळेत तीस वर्षं शिट्टी माझ्या तोंडात होती, तू मला ऑफसाइड शिकवू नकोस.

शेवटी शेवटी माझ्या एका लाल माणसाकडे कसा कोण जाणे चेंडू आला. तो पळत सुटला, आणि नेमका सासूबाईंचा गोलकीपर जाळं सोडून मैदानाच्या मध्याकडे चालायला लागला. समोर रिकामं जाळं. मी बटण दाबलं. गोल.

मी त्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, "आई, तो गोलकीपर बाहेर कशाला आला?"

त्या टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "अंगठा सटकला."

त्यांचा अंगठा सटकत नाही. बटाटे सोलता सोलता रोज बघत आले आहे मी. एरवी मी सोडलं नसतं.

मी म्हटलं, "बरं झालं सटकला."

आणि आम्ही दुसरी मॅच लावली.